उणे पाणी, अधिक मासा

शाळेत शून्याच्या खाली गुण द्यायची सोय नव्हती, म्हणून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शून्यावर निभावल्या. उजनी धरणाला ती सवलत नाही. फाल्गुन उतरणीला लागला की सोलापूर-पुण्याच्या वर्तमानपत्रांतली धरणाची चौकट रोज थोडी थोडी ओशाळत जाते. आज १४ टक्के, चार दिवसांनी ९, मग ३, आणि एका सकाळी मथळा येतो, 'उजनी मायनसमध्ये'. तिथून पुढे पाणी घटतं आणि आकडा वाढतो. उणे ५, उणे १८, उणे ३५. २०२४ च्या जूनमध्ये तर धरणानं उणे ५९.९९ पर्यंत मजल मारली. एक शतांश कमी पडला नसता तर साठ पूर्ण झाले असते, पण बाटाच्या दुकानातल्या किमतीसारखं धरणही पूर्णांकाला लाजलं. पुढे दोन-अडीच महिन्यांत तेच धरण शंभरी ओलांडून गेलं. बऱ्या पावसाच्या वर्षी उजनी १११ टक्के भरते. उणे साठ ते एकशे अकरा एवढी मोठी पट्टी महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या परीक्षार्थ्याला लावली असेल, असं वाटत नाही.

या गणिताचा उलगडा काठावरच्या पोरांनाही तोंडपाठ असतो. भीमा नदीवरचा हा जलाशय, कागदोपत्री नाव यशवंत सागर, पूर्ण भरला की ११७ टीएमसी पाणी धरतो. त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी 'उपयुक्त' आणि उरलेलं जवळजवळ ६४ टीएमसी 'मृत'. टक्केवारी मोजायची ती फक्त उपयुक्त पाण्याची. म्हणजे पेपरात 'शून्य टक्के' छापून येतं त्या दिवशी धरणात ६४ टीएमसी पाणी असतं. पुण्याची तहान भागवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी सगळं मिळून २९ टीएमसीच्या आसपास होतं. शून्य गुण मिळालेल्या उजनीत पुण्याची चारही धरणं दोनदा बुडवून वर पाणी उरतं. आणि उणे ५९.९९ च्या त्या बदनाम दिवशीसुद्धा तिच्यात साडेएकतीस टीएमसी होतं. पुणेकरांचं पहिल्या वर्गात पास होणं आणि सोलापूरकरांचं नापास होणं, यात पाण्याच्या हिशेबानं दोन-अडीच टीएमसीचा फरक, आणि तोही सोलापूरच्या बाजूनं.

कागदावर मेलेल्या या साठ्यात जिवंत काय काय आहे, हे मात्र चौकटीत कधी येत नाही. त्यासाठी चैत्रात पहाटे भिगवणच्या खाली, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला काठावर जाऊन उभं राहावं लागतं. तिथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न पडतो तो काठ कुठे आहे हा. गेल्या महिन्यात जिथे होड्या बांधलेल्या होत्या, तिथे आता भेगाळलेला गाळ आहे. त्यातून मोटारसायकलींच्या चाकोऱ्या पाण्याच्या दिशेनं गेलेल्या आहेत, आणि पाणी लांब कुठेतरी तवा तापल्यासारखं चमकतं आहे. भरलेल्या दिवसांत सव्वातीनशे चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेला, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना पाय लागू देणारा हा जलाशय उन्हाळ्यात अंग आकसून घेतो. पाणी आकसतं, पण मासे काही आकसत नाहीत. दहा खोल्यांच्या वाड्यातलं कुटुंब दोन खोल्यांत राहायला आलं की जे होतं तेच पाण्याखाली होतं. जाळं कुठेही टाकलं तरी कुणाचा तरी पाय अडकतोच.

म्हणून सगळा जिल्हा ज्या आकड्याकडे बघून उसासे टाकतो, त्याच आकड्याकडे बघून भोई-कोळी वस्तीवर जाळी उन्हात पसरली जातात, तुटलेले आस शिवले जातात. ऊस वाळतो तेव्हा मासळी भरते. हे बोलून दाखवायचं नसतं, कारण अर्ध्या मासेमारांच्या भावकीत ऊस असतो.

काठावर चिखलात ओळीनं रोवलेल्या काठ्या दिसतात. एका म्हाताऱ्या भोई काकांची ही खासगी जलमापन यंत्रणा. रोज तिन्हीसांजेला ते पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवतात आणि पहाटे येऊन पाणी काठीपासून किती पावलं मागे गेलं ते चालून मोजतात. "पेपरवाले वरून मोजत्यात, आमी खालनं," असं त्यांचं म्हणणं. दोन पावलं म्हणजे नेहमीचंच. पाच-सहा पावलं म्हणजे खालून नदीला किंवा कालव्याला आवर्तन सुटलेलं. त्या दिवशी पाणी 'हलतं', आणि पाणी हललं की मासा जागा सोडतो. पाटबंधारे खात्याचं पत्रक यायच्या आधी काकांना आवर्तन कळतं. पत्रकात ते क्युसेकमध्ये असतं, एवढाच फरक.

या काकांच्या शेजारी रविवारी पहाटे पुण्याहून आलेला एक हौशी गळवाला उभा असतो. दर रविवारी माणूस वेगळा असतो, पण सामान एकच. कार्बन फायबरची काठी, रीळ, झाडाच्या पानाइतके चकचकीत खोटे मासे ठेवलेली खणाखणांची पेटी, ध्रुवीकृत भिंगांचा गॉगल, अंगावर सतरा खिशांचं जाकीट, आणि मोबाइलमध्ये चंद्राच्या स्थितीवरून मासे कधी भुकेले असतील ते सांगणारं ॲप. आज ॲपनं पाच चाळीस ते सात चाळीस अशी वेळ दिलेली असते. काकांच्या हातात प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, गळाला कणकेचा गोळा, आणि मांडीखाली खताचं रिकामं पोतं.

"काय, गावतंय का काका?"

"गावतंय की."

"काय गावलं?"

"आजून काय न्हाय."

या उत्तरात विसंगती आहे, हे फक्त पुण्याच्या माणसाला वाटतं. 'गावतंय' हे उजनीचं विधान आहे, त्याचा आजच्या टोपलीशी संबंध नाही. वारकऱ्याला 'पांडुरंग आहे का' विचारल्यासारखंच ते. काकांच्या बोलण्यात वर्षाचे दोनच ऋतू असतात. पावसाळ्यात कुणी विचारलं की ते म्हणतात, "पाणी हाय, मासा न्हाय." उन्हाळ्यात म्हणतात, "मासा हाय, पर पाणी न्हाय." दोन्ही एकदम असलेला दिवस त्यांच्या आयुष्यात उगवलेला नाही, आणि उगवला असला तरी त्यांनी तो कुणाला सांगितलेला नाही.

गंमत म्हणजे ॲप आणि काका यांचं पहाटेबद्दल एकमत असतं, फक्त कारणं वेगळी. ॲप म्हणतं चंद्र. काका म्हणतात, "सकाळी मासा हवा खायला वर येतो." शास्त्र काकांच्या बाजूनं आहे. पंधरा अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. तेच पाणी तीस अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. त्यात उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार, शेवाळानं दाट. हे शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो ओढून घेतं. दिवसा उधार दिलेलं रात्री व्याजासकट वसूल करणाऱ्या सावकारासारखं. त्यामुळे रात्र सरताना पाण्यात प्राणवायूचा ठणठणाट असतो आणि मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत असतात. पाण्यावर बारीक बारीक 'पुच् पुच्' असा आवाज येतो आणि वर्तुळं उठतात. पुण्याचा पाहुणा आनंदानं म्हणतो, "वा, काय ॲक्टिव्ह आहेत!" ते जेवायला आलेले नसतात, जीव वाचवायला आलेले असतात. त्याचा सोनेरी खोटा मासा त्यांच्या नाकासमोरून चार वेळा जातो. दम्याच्या रुग्णापुढून जिलबी फिरवावी तसा.

साडेआठनंतर सूर्य खरा कामाला लागतो. कडेचं उथळ पाणी पायाला कोमट लागतं आणि मोठा मासा खोल नदीपात्राकडे उतरतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हिरवा तवंग ढकलला जाऊन समोरच्या काठाला साचतो. बारीक मासळी तवंगामागं जाते, तिच्या मागं शिंगटा आणि मरळ. जाणती माणसं तेव्हा होडी वल्हवत त्या काठाला जातात. नवखी माणसं वाऱ्याकडे पाठ करून सावलीत बसतात, कारण गळ टाकायला तेच सोपं पडतं. मासा त्यांच्या सोयीच्या काठावर का येत नाही, यावर मग डबा उघडून चर्चा होते.

हे पाणी हिरवं कशानं, हाही एक नाजूक विषय. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोटातून फिरून भीमेला मिळतात आणि भीमा सगळा ऐवज उजनीत आणून ओतते. साबण, सांडपाणी, त्यातला नत्र आणि स्फुरद. शेवाळाला याहून चांगलं खत मिळणं कठीण. म्हणजे रविवारी पहाटे मोटार काढून शंभर किलोमीटरवर आलेला तो गळवाला ज्या पाण्यात गळ टाकून बसतो, त्या पाण्याची आणि त्याची जुनी ओळख असते. त्यानं सोडलेलं पाणी आधीच इथे येऊन मुक्काम करून बसलेलं असतं. त्या पाण्यावर शेवाळ पोसतं, शेवाळावर मासा पोसतो, आणि दुपारी परतीच्या वाटेवर पुणे-सोलापूर महामार्गावरच्या भिगवणच्या हॉटेलात तो मासा तळून पुणेकराच्याच ताटात येतो. पुणेकर काहीही वाया घालवत नाहीत असं म्हणतात, ते असं.

तो मासा म्हणजे चिलापी.

उजनीबद्दल लिहून चिलापीला एका ओळीत उरकणं हा अन्याय होईल, कारण या पाण्यात एका ओळीत तो कधीच येत नाही. जाळं ओढलं की त्यात चिलापी असतो, आणि मग इतर. मूळचा आफ्रिकेचा. इंग्रजीत तिलापिया, पण भीमाकाठानं त्याचं चिलापी करून त्याला असं घरात घेतलं की हे एखाद्या जुन्या देशमुखी घराण्याचं आडनाव वाटावं. १९५२ साली मोझांबिक तिलापिया भारतात आणला गेला. हेतू उदात्त होता, गरिबाला स्वस्त प्रथिनं. सातच वर्षांत, १९५९ मध्ये, मत्स्यसंशोधनाच्या राष्ट्रीय समितीनं ठरवलं की हा पाहुणा जरा जास्तच मोकळा वागतो, आणि त्याच्या प्रसाराला बंदी घातली. ठराव चिलापीपर्यंत पोहोचला नाही. किंवा पोहोचला तेव्हा घरात लहान मुलं असल्यानं त्याला वाचायला वेळ नव्हता.

कारण मुलं हा चिलापीचा मुख्य उद्योग. आपल्याकडच्या रोहू, कटला, मृगळ या प्रतिष्ठित माशांचं लग्न म्हणजे मोठा सोहळा. वय दोन वर्षांच्या पुढे पाहिजे, पावसाळा पाहिजे, नदीला पूर पाहिजे, नवं गढूळ वाहतं पाणी पाहिजे. साचलेल्या पाण्यात ही मंडळी बोहल्यावर चढत नाहीत. म्हणून तर १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कटकला माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, आणि देशभरच्या मत्स्यशेतीचा रस्ता मोकळा झाला. धरणात ही जात टिकवायची तर आजही बोटाएवढी पिलं, म्हणजे बोटुकली, बाहेरून आणून सोडावी लागतात. चिलापीचा सगळा कारभार नोंदणी पद्धतीचा. मुहूर्त नको, पूर नको, वाजंत्री नको. तीन महिन्यांचा झाला की नर उथळ गाळात शेपटीनं आणि तोंडानं गोल खड्डा करतो, आणि पाणी उबदार असेल तर महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा करतो. चैत्रात पाणी हटलं की हे खड्डे उघडे पडतात. कोरड्या गाळावर ताटाएवढी, परातीएवढी शेकडो गोल वर्तुळं, एकमेकांना चिकटून, कुणी पंगतीची पानं मांडून उठून गेल्यासारखी.

अंडी घालून झाली की मादी ती उचलून तोंडात धरते. पिलं तोंडातच फुटतात आणि तोंडातच वाढतात. त्या दोन-तीन आठवड्यांत तिचा उपासच. पिलं बाहेर फिरायला निघाली आणि सावली हलली की सगळी परत आईच्या तोंडात. जाळ्यात अशी मादी आली की ती होडीच्या तळाशी पडून एकदाच मोठा आ वासते आणि तिच्या तोंडातून तांदळाच्या दाण्याएवढी पन्नास-शंभर पिलं होडीतल्या पाण्यात सांडतात, प्रत्येकाला दोन काळे डोळे. पहिल्यांदा बघणारा माणूस जरा वेळ बोलत नाही. सवयीचा मासेमार वाटीनं ते पाणी पिलांसकट उपसून जलाशयात टाकतो आणि मादी टोपलीत. याला कुणी दया म्हणेल, कुणी पुढच्या हंगामाची पेरणी.

एवढं सगळं असूनही चिलापीला समाजात मान नाही. हॉटेलात गिऱ्हाईक आधी मरळ विचारतं, मग वाम, मग रोहू. 'संपलंय' असं तीनदा ऐकलं की चौथ्यांदा तोच म्हणतो, "बरं, मग चिलापी द्या." आणि मग ज्वारीची भाकरी मोडून, काटे काढत, तिखटानं नाक पुसत दोन ताटं संपवतो. काटे थोडे, मांस पांढरं, भाव खिशाला परवडणारा. गुणवान, कष्टाळू आणि मुबलक असलेल्या माणसाला घरात जी वागणूक मिळते, तीच याला मिळते.

चिलापीवर नाकं मुरडणाऱ्यांना उजनीनं गेल्या काही वर्षांत त्याहून वाईट पाहुणे दाखवून तोंड बंद केलं आहे. एक मांगूर. राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातलेला, आफ्रिकेचाच, मिशावाला, काहीही खाणारा. काठच्या शेततळ्यांत तो चोरून वाढवला जातो आणि अधूनमधून मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं येऊन त्याला खड्ड्यात गाडतात. दुसरा सकर मासा, ज्याला इकडे 'हेलिकॉप्टर' म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. घरातल्या काचेच्या टाकीला लागलेलं शेवाळ चाटून साफ करतो म्हणून लोकांनी हौसेनं विकत आणला, तो हातभर वाढल्यावर घाबरून नदीत सोडला. अंगावर चिलखत, पाठीवर काटेरी शीड, तोंड खाली चिकटलेलं. जाळ्यात शिरला की तंगूस कापतो, काढायला गेलं की हात कापतो. बाहेर काढून काठावर फेकला तरी तासन् तास मरत नाही, आणि एवढं करून त्याला कुणी खात नाही, कुणी विकत घेत नाही. पाच-सहा हेलिकॉप्टरं काढण्यात सकाळ घालवलेल्या मासेमाराशी त्या दिवशी हवामानावर बोलू नये.

तिसरा उपद्रव मात्र देशी आहे, त्याचं नाव वडाप. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणजे काय, ते एसटीची वाट बघून कंटाळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आठ जणांच्या जीपमध्ये अठरा जण, लहान मूल मांडीवर, म्हातारी टपाच्या कडेला. उजनीत बारीक आसाच्या जाळ्यानं पाणी गाळून काढायच्या पद्धतीलाही वडापच म्हणतात. दोन्हीकडे तत्त्व एकच, वय बघायचं नाही, आकार बघायचा नाही, दिसेल त्याला कोंबायचं. यात बोटभर पिलंही निघतात, जी आणखी सहा महिने पाण्यात राहिली असती तर किलोभर झाली असती. बेकायदा आहे, कारवाया होतात, जाळी जाळली जातात, आणि जीपच्या वडापसारखंच हेही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या थांब्यावर सुरू असतं.

उन्हाळा चढतो तसे उथळ पाण्यात रोहित पक्षी गर्दी करतात. भिगवणला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते यांच्यामुळे. हिवाळ्यात आलेले फ्लेमिंगो एप्रिल-मेपर्यंत रेंगाळतात. पाणी जितकं उतरेल तितकी त्यांच्या पायांच्या मापाची जागा वाढते. डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवायची आणि चिखलातलं बारीक खाद्य गाळून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. म्हणजे वडापच, पण परवानगीचं, आणि त्याचे फोटो निघतात.

या फोटोंमुळे काठाच्या अर्थकारणात मोठा पालट झाला. कुंभारगावच्या कित्येक होड्या सकाळी जाळ्याऐवजी तोफेएवढी भिंगं वाहतात. ज्या पोराच्या आजोबांनी पक्षी जाळ्यातून सोडवताना शिव्या घातल्या, तो आता 'ग्रेटर', 'स्पूनबिल', 'ऑस्प्रे' अशी नावं झाडतो आणि बोटीला अंशाअंशानं वळवून सूर्य पाठीशी घेतो. मासा गळाला लागला नाही तर दिवस फुकट. फ्लेमिंगो उडाला नाही तरी भाडं मिळतं. फक्त उणे तीसच्या पुढे एक अडचण होते. पाहुण्यांना होडीपर्यंत न्यायचं तर गुडघाभर गाळ तुडवावा लागतो, आणि मुंबईहून आलेल्या बुटांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. होडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं पक्ष्यांचे नव्हे, बुटांचे फोटो निघतात.

पाणी आणखी उतरलं की पळसदेव वर येतो. धरण होण्याआधी काठाला नांदत्या गावात असलेलं हे हेमाडपंती मंदिर बरीच वर्षं कळसापुरतं दिसतं, आणि २०२४ सारख्या साली पायऱ्यांसकट उघडं होतं. मग गावोगावची माणसं दर्शनाला येतात. ज्यांचं घर इथं होतं ती म्हातारी मंडळी गाळातल्या दगडांवरून बोट फिरवत नातवाला सांगतात, ही आपली वेस, इथं पार होता, इथं वाण्याचं दुकान. नातू विचारतो, "आणि आता इथं कोण राहतं?" वर्षातले दहा महिने इथे वाम आणि शिंगटा राहतात, हे खरं उत्तर. गाभाऱ्यात, पडक्या भिंतींच्या फटींत, दगडाच्या सांदीत. माणसांना पाण्यानं उठवलं आणि माशांना पाणी नसण्यानं. मोबदला दोघांनाही वेळेवर मिळालेला नाही.

भेगाळलेल्या जमिनीवर लगेच गाळपेर सुरू होते. कालपर्यंत जिथे जाळं होतं तिथे आज कलिंगडाचा वेल. जमीन कुणाची यावरून दोन भावांत वाद लागतो, तो पाणी चढेपर्यंत चालतो आणि पाण्याबरोबर बुडतो. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही एकदमच वर येतात.

भिगवणच्या बाजारात मात्र पहाटे या कशालाच वेळ नसतो. ओल्या फरशीवर माशांचे ढीग, बर्फाचा चुरा, वजनकाटे, अडत्यांची आरोळी, आणि त्या आरोळीत मोसमाचा सगळा अहवाल. ढिगात मरळ किती, वाम किती, चिलापी तळहाताएवढा की पंजाएवढा, यावरून जाणता माणूस धरण कुठवर आलं ते सांगतो. भाव ठरवायला मात्र पाण्यापेक्षा पंचांग जास्त कामाला येतं. बुधवार, शुक्रवार, रविवार तेजी. सोमवार, गुरुवार, शनिवार मंदी. एकादशीला चिलापीसुद्धा सुट्टीवर असल्यासारखा पडून असतो. आणि चैत्री वारीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. उजनीतून सुटलेली भीमा खाली पंढरपुरात चंद्रभागा होते. धरणाच्या भिंतीच्या अलीकडे जो मासा अमुक रुपये किलो, तोच दारातून निसटून खाली वाहत गेला की तीर्थातला जीव होतो आणि भाविक त्याला लाह्या-चुरमुरे टाकतात. एवढं भाग्य पालटवणारं बदलीचं ठिकाण सरकारी नोकरीतही मिळत नाही. बाजारातले दोन-तीन विक्रेते स्वतः माळकरी आहेत. आयुष्यभर मासा तोलला, जिभेला लावला नाही. त्यांच्या काट्यावर लोकांचा विश्वास जास्त, कारण उरलेला मासा ते घरी नेतील असा संशय घ्यायला जागा नाही.

वैशाखात हवा बदलते. दुपारी चारच्या सुमारास दक्षिणेकडे ढग काळे होतात, वारा एकदम पडतो, पाणी शिसं ओतल्यासारखं दिसतं, आणि मग वळीव येतो तो थेट लाटा घेऊन. या वाऱ्याची चेष्टा काठावर कुणी करत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर ढग दिसला की काका कुठल्याही पाहुण्याला पाण्यात उतरू देत नाहीत, मग त्याच्या ॲपमध्ये काहीही लिहिलेलं असो.

एरवी हा उणेचा खेळ जूनपर्यंत चालतो. २०२५ च्या मे महिन्यात मात्र पावसानं कुणाशी सल्लामसलत न करता हजेरी लावली. पश्चिमेकडच्या ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी भीमेत उतरलं आणि उणे विशीत असलेलं धरण मे संपायच्या आत शून्य ओलांडून अधिकात आलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर पेढे वाटल्यासारख्या बातम्या छापल्या. उसाला पाणी मिळालं, सोलापूरला पाणी मिळालं, पळसदेवाला पुन्हा पाणी मिळालं. गाळपेरीतली कलिंगडं पाण्यावर तरंगत गेली आणि दोन भावांचा वाद वर्षभरासाठी तहकूब झाला. तवंग फाटला, पाणी तांबूस झालं, आणि दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहिलेली माशांची मंडळी दहा खोल्यांच्या वाड्यात पुन्हा पांगली.

त्या आठवड्यात पुण्याच्या गळवाल्यानं काकांना फोन केला. काका काठावरच होते. ओळीनं रोवलेल्या काठ्यांपैकी शेवटच्या सात-आठ पाण्याखाली गेल्या होत्या, एकीचं फक्त टोक दिसत होतं आणि त्यावर एक खंड्या बसला होता.

"काय काका, गावतंय का?"

काकांनी पाण्याकडे बघितलं, खंड्याकडे बघितलं, आणि तोंडातली तंबाखू थुंकून सांगितलं,

"पाणी हाय, मासा न्हाय."